मिस तहानी आणि एकेचाळीस आया

एकेचाळीस आया, आणि एकूणएक आईच्या हातांना साबणाचा वास. मिस तहानीने इंग्रजीचा चाळिसावा पेपर संपवून टेबलावर आपटला, एकेचाळिसावा उघडला, त्यातही तेच. 'माझ्या लाडक्या आईच्या हातांना साबणाचा वास येतो, कारण तिला स्वच्छतेची फार आवड आहे.' मग ती पहाटे उठते, मग ती मेणबत्तीसारखी जळते, आणि शेवटी देवाने तिला उदंड आयुष्य द्यावं. प्रश्न होता 'तुम्हाला प्रिय असलेली व्यक्ती'. बेचाळीस मुलींच्या वर्गात एकीलाही भाऊ नाही, आजोबा नाहीत, मैत्रीण नाही? सगळ्यांना आईच प्रिय, आणि तीही एकच?

जून महिना, कफ्र-एल-झय्यातच्या मुलींच्या सरकारी शाळेतली शिक्षकांची खोली, कर्रकर्र करणारा पंखा आणि खिडकीतून येणारा नाइलच्या गाळाचा कुबट वास. इतर शिक्षिका चहाचे ग्लास रिचवत व्याकरणाचे प्रश्न तपासत होत्या. निबंधाचा प्रश्न तहानीकडे, कारण नोकरीत तिच्याहून जुनं तिथे कोणी नव्हतं. तिचं लाल पेन कागदात रुतायला लागलं तशा बाकीच्यांनी खुर्च्या जरा लांब सरकवल्या. मुली तिला मागून 'शत्ता' म्हणायच्या. कोशरीच्या डाळभातावर घालतात ती लाल तिखट चटणी. एक थेंब जास्त पडला तर डोळ्यांतून पाणी काढते. तिला हे नाव ठाऊक होतं आणि तिची काही तक्रार नव्हती.

पण रागाची खरी गोम अशी, की त्या ओळी तहानीच्या स्वतःच्या होत्या. हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तहानी सव्वीसची, याच शाळेत नवी लागलेली. वर्गाला सांगितलं, आईवर चार ओळी लिहा. मुली ढिम्म. अर्धा तास गेला तरी वह्या कोऱ्या. शेवटी हिने खडू उचलला आणि म्हणाली, हे बघा, असं लिहायचं. फळ्यावर सात ओळी उतरल्या. 'माझी आई साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळते. तिच्या हातांना साबणाचा वास येतो. ती भाकरी मोडून देते तेव्हा भाकरीलाही येतो. लहानपणी मला त्या भाकरीची किळस यायची. ईदच्या दिवशी ती संत्र्याच्या साली हातांवर चोळते, पाहुण्यांना कळू नये म्हणून. पाहुण्यांना कळतंच. आता मी कमावते, आई घरी असते, पण वास अजून गेलेला नाही.' हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मग ती मुलींना म्हणाली, आता तुमच्या आईचं लिहा.

मुलींनी फळा उतरवून घेतला.

वार्षिक परीक्षेत अडतीसच्या अडतीस मुलींनी तेच लिहिलं. त्यात डॉक्टर साहेबांची मुलगीही होती, जिच्या आईच्या बोटाला जन्मात कधी भांड्याचा फेस लागला नव्हता. तेव्हाचे इन्स्पेक्टर आले, पेपर पाहिले, खूश होऊन गेले. काय ही पातळी, म्हणाले. तहानीला जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, शिक्क्याचं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. साहेब, हे लेखन नाही, पोपटपंची आहे, एवढं एक वाक्य. नाही उघडलं. सव्वीस वर्षांचं वय, सरकारी कागद, आणि आई तो कागद घेऊन जिन्यातल्या प्रत्येक शेजारणीला दाखवत सुटलेली. म्हणून ती गप्प बसली. त्याचं प्रायश्चित्त ती आजतागायत भोगते आहे.

मग आला वग्दी. मुलांच्या शाळेत नवा लागलेला, पोरगेला, गोडबोल्या. "तहानीताई, माझी पोरं अगदी ठोंबी आहेत हो. तेवढ्या सात ओळी द्या ना, पास होतील बिचारी." हिने दिल्या. वग्दीने आधी कारखाना काढून टाकला. कारखाना म्हटलं की गरिबी दिसते, मार्क जातात, म्हणाला. मग किळस काढली, आईची किळस येते असं कोण लिहितं? मग भाकरी गेली, संत्र्याच्या साली गेल्या. राहिले ते हात आणि साबण, त्याला त्याने स्वच्छतेची आवड जोडली, मेणबत्ती जोडली आणि देवाकडे आयुष्य मागून मोकळा झाला.

आज तो 'मिस्टर वग्दी, इंग्रजीचा बादशाह' आहे. गावातल्या प्रत्येक टुकटुक रिक्षाच्या पाठीवर त्याचा सुटाबुटातला फोटो. जुन्या लग्नाच्या हॉलमध्ये त्याचं शिकवणीचं सेंटर चालतं, तीनशे पोरं एका वेळी, हातात मायक्रोफोन. 'माझ्या लाडक्या' असं तो ओरडतो आणि तीनशे गळे 'आईच्या हातांना' म्हणून गर्जना करतात. 'सोनेरी परिच्छेद' नावाची त्याची पुस्तिका पार टांटा शहरापर्यंत विकली जाते. मागच्या वर्षी भाजीबाजारात भेटला. सगळ्यांदेखत हात छातीवर ठेवून म्हणाला, "मिस, तुमच्या आईने हजारो पोरं पास केली. देव तिला जन्नत देवो." तहानीच्या हातात किलोभर टोमॅटो होते. ते त्याच्या सुटावर का फेकले नाहीत, याचा पश्चात्ताप तिला अजून होतो.

शिकवणीच्या धंद्यात ती कधी पडली नाही. तिचा नवरा सलामा, रेल्वेतून निवृत्त झालेला शांत माणूस, चहात साखर ढवळत म्हणायचा, "बाकीच्या मास्तरांनी मजल्यावर मजले चढवले. आपल्या घरात फक्त तुझा पारा चढतो."

"चढू दे. तुला काय करायचंय?"

"मला काय? मी आपला सावलीला बसतो."

तिने एकच गोष्ट केली. गुरुवारचा शेवटचा तास, उद्या शुक्रवारची सुट्टी, आठवडा संपायला आलेला, मुलींचा जीव घराकडे, तो तास तिने स्वतःसाठी राखून ठेवला. पाठ्यपुस्तकात शेवटी दोन-तीन कविता असायच्या, ज्यांवर परीक्षेत प्रश्न येत नसे, म्हणून कोणी शिकवत नसे. तहानी शिकवायची. आणि लिहायला लावायची. नियम असा, की शेजारच्या घरात नाही अशी गोष्ट आपल्या घरातून शोधून आणायची आणि तिच्यावर पाच ओळी. मेणबत्ती हा शब्द आला की कागद फाडायची. 'सुंदर' आला की फाडायची. इंग्रजी चुकलं तर चालेल, खोटं बोललात तर याद राखा. दरवर्षी पहिल्या गुरुवारी कोणीतरी विचारायचंच, "मिस, हे परीक्षेला आहे का?"

"नाही. गप बस आणि लिही."

वीस वर्षांत, खरं सांगायचं तर, फार काही हाती लागलं नाही. पाच-सहा मुलींनी एखाद-दुसरं पान खरं लिहिलं असेल. बाकीच्या गुरुवारी तिच्यासाठी लिहायच्या आणि उरलेले सहा दिवस वग्दीच्या हॉलमध्ये गर्जना करायच्या. तहानी चिडायची, रडकुंडीला यायची, पुढच्या गुरुवारी पुन्हा खडू घेऊन उभी राहायची.

यंदा अकरावीला शुरूक होती. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी, शेवटच्या बाकावरची, सगळ्यांसारखी वग्दीच्या सेंटरलाही जाणारी, बोलायला सांगितलं तर डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरणारी. मागच्या रमजानच्या आधी तिची आई यकृताच्या दुखण्याने गेली. मागे तीन लहान भावंडं, आणि गच्चीवर आईने पाळलेली बदकं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी तिने वही पुढे ठेवली. इंग्रजी असं, की व्याकरणाची हाडं मोडलेली. पण तहानीने वाचलं आणि ती खुर्चीत नीट बसली.

'माझी आई मेली. बदकं मेली नाहीत. ती बदकांच्या चोचीत भिजवलेला मका बोटाने कोंबायची. माझ्या हातून बदकं खात नाहीत, चावतात. मी तिचा काळा झगा घातला. आता खातात. रोज संध्याकाळी दहा मिनिटं मी माझी आई असते. बदकांना माहीत नाही. त्यांना सांगू नका.'

तहानीने ते तीनदा वाचलं. एकही खूण न करता वही परत दिली आणि म्हणाली, "हे कोणी सांगितलं तुला लिहायला?"

"कोणी नाही, मिस. चुकलं का?"

"चुकलं असतं तर मी ओरडले असते. मी ओरडतेय का?"

"नाही, मिस."

"मग बस जागेवर."

त्या दिवशी घरी जाताना तिने सलामासाठी बसबूसा मिठाईचा डबा घेतला. त्याने विचारलं, आज कोण मेलं? ती म्हणाली, कोणी नाही, एक जण जिवंत निघालं. एवढा आनंद तिला प्रशस्तिपत्रानेही झाला नव्हता.

आणि आनंदाच्या भरातच तिने ती चूक केली. मे महिन्यात शुरूकला बाजूला घेऊन सांगितलं, "निबंधाला आई नाहीतर प्रिय व्यक्तीच येणार. तू वग्दीचं काही लिहायचं नाहीस. बदकांचं लिही. पेपर मीच तपासते. घाबरू नकोस." मुलगी घाबरली होती, दिसत होतं. व्याकरणात ती कच्ची, निबंधाचे दहा मार्क हातचे गेले तर इंग्रजीत नापास. बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, की पास झालीस तर बारावी, नाहीतर घर सांभाळ, आत्याचा मुलगा अंगठी घेऊन तयार आहे. बाप वाईट नव्हता. दिवसभर फाटक, घरी तीन पोरं, चूल कोण पेटवणार? शुरूकने हे सगळं सांगितलं, तरी तहानी म्हणाली, "माझ्यावर सोड." सलामाला घरी सांगितलं तेव्हा तो चहा ढवळायचा थांबला. "राग तुझा, आणि वर्ष त्या पोरीचं," म्हणाला. तहानी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तर एकेचाळीस आया संपल्या आणि बेचाळिसावा पेपर आला. बदकं होती. जशीच्या तशी नव्हेत. मुलीने पुढे एक ओळ घातली होती, की धाकटा भाऊ आता झग्यातल्या तिला बघून कधीकधी 'अम्मा' म्हणतो आणि ती त्याची चूक सुधारत नाही. तहानीने दहापैकी आठ दिले. दोन चुकांचे कापले, कारण चुका होत्या. मुलगी सत्तावीस मार्क मिळवून पास झाली. पंचवीस लागतात.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीला इन्स्पेक्टर मिस्टर शौकत आले. टक्कल, इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. त्यांनी गठ्ठा चाळला आणि बेचाळिसावर बोट ठेवलं.

"मिस तहानी, हे काय?"

"निबंध."

"हे कुठल्या पुस्तिकेतलं आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग आलं कुठून?"

तहानीला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. तो करत नव्हता. तीस वर्षं इंग्रजीत काढलेला माणूस खरोखर विचारत होता, की पुस्तिकेत नसलेलं वाक्य मुलीच्या डोक्यात शिरलं कुठून. "तिच्या घरातून आलं," ती म्हणाली. "तिच्या गच्चीवरून. डोक्यातून. माणसाच्या डोक्यातून वाक्यं येतात, मिस्टर. पूर्वी यायची तरी."

"मोबाईलवरून उतरवलेलं असेल."

"मोबाईल एवढ्या चुका करत नाही."

"विषय आहे प्रिय व्यक्ती. ही लिहिते बदकांवर. मॉडेल उत्तराशी एक ओळ जुळत नाही. शून्य." आणि त्यांनी आठावर हिरव्या पेनाने काट मारली.

तहानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मॉडेल उत्तराचा कागद ओढला, त्यावरही वग्दीचाच परिच्छेद होता, आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट आपटलं. 'इतर कोणतंही योग्य उत्तर ग्राह्य धरावं.' "ही ओळ वाचता येते का? की हीसुद्धा कोणाच्या पुस्तिकेत नाही म्हणून दिसत नाही?" खोलीतल्या बाकीच्या शिक्षिकांनी माना खाली घातल्या. मुख्याध्यापिका अब्ला इनायात धावत आल्या, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, साहेबांसाठी थंड कर्कदे मागवलं. शौकत सरबत पिऊन म्हणाले, "ठीक. मी अन्यायी माणूस नाही. क्रमांकामागचं नाव उघडा, मुलीला उद्या बोलवा. माझ्यासमोर बसून लिहू दे. लिहिता आलं तर मार्क देईन."

तहानी रात्रभर म्हणत राहिली, लिहील, ती लिहील. दुसऱ्या दिवशी दहा वाजता शुरूक आली, एकटीच. बापाला फाटक सोडता येत नव्हतं. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. उकाड्याने दार सताड उघडं.

आत शौकत गठ्ठ्यातला एक पेपर काढून बसले होते. "मी वैरी नाही, मिस. पण तुम्हीच बघा. हे ऐका." आणि त्यांनी मोठ्याने, कौतुकाने, एकेक शब्द चघळत वाचलं. माझ्या लाडक्या आईच्या हातांना साबणाचा वास येतो. "याला म्हणतात लेखन. पहिल्याच ओळीत वास. काळजाला भिडतं. वग्दीला मानलं पाहिजे, बाकी तो माणूस काही असो."

"ते माझं आहे," तहानी म्हणाली.

"काय तुमचं?"

"ती ओळ. मी लिहिली. सत्तावीस वर्षांपूर्वी, याच शाळेत, फळ्यावर. ते माझ्या आईचे हात आहेत. ती कारखान्यात साबण गुंडाळायची. वग्दीने ओळ चोरली आणि आतला माणूस काढून फेकला."

शौकत हसले. दुष्टपणे नाही, समजूत घातल्यासारखे. "प्रत्येक शाळेत एक मास्तर मला हेच सांगतो. चांगल्या ओळीला बाप फार."

"मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं त्याचं," ती बोलून गेली, आणि बोलल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली. ज्या कागदाची आयुष्यभर लाज वाटली, तोच आज पुढे केला, आणि कोणासमोर? याच्या? "ती ओळ माझी आहे," ती तरीही पुन्हा म्हणाली, आवाज चढवून, बाहेरपर्यंत जाईल असा. "माझी. जगात जे काही चांगलं मी लिहिलं असेल ना, ते एवढंच."

"बरं बरं. मुलीला बोलवा."

शुरूक आत आली. शौकतनी कागद पुढे सरकवला. "आईबद्दल सात ओळी लिही."

"तिची आई वारली आहे," तहानी म्हणाली.

"देव तिच्यावर दया करो. आठवणीतली लिही, बेटा. घाबरू नकोस. दहा मिनिटं."

शुरूकने एकदा तहानीकडे बघितलं आणि लिहायला लागली. तहानी समोर उभी होती. अक्षरं तिला उलटी दिसत होती, वाचता येत नव्हती. पण हात दिसत होता. शुरूक स्वतःचं लिहिते तेव्हा थांबते, रुमालाचं टोक चावते, खोडते, पुन्हा लिहिते. तहानीने वर्षभर ते पाहिलं होतं. आज हात एकदाही थांबला नाही. पाण्यासारखा चालला. तिसऱ्या ओळीपर्यंत तहानीला कळून चुकलं, आणि तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. चार मिनिटांत कागद भरला.

शौकतनी वाचला, मान डोलावली आणि हिरव्या पेनाने नऊ लिहिले. "एक मार्क अक्षराचा कापला. बघा, मिस, येतं की मुलीला. उगाच बदकांच्या नादी कोणी लावलं हिला?"

तहानीने कागद उचलला. साबण. स्वच्छतेची आवड. मेणबत्ती. आणि तळाशी, देव माझ्या आईला उदंड आयुष्य देवो. मेलेल्या बाईला. मुलीने तेही पाठातलं तसंच ठेवलं होतं आणि इन्स्पेक्टरला खटकलंही नव्हतं.

"हे खोटं आहे," तहानी म्हणाली. "शेवटची ओळ वाचलीत? आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही तिच्यासाठी दया मागितलीत. आता उदंड आयुष्याला नऊ मार्क देताय?"

"मॉडेल उत्तराशी शब्दन् शब्द जुळतं."

"जुळतं म्हणूनच खोटं आहे. पाठ केलंय तिने."

शौकतनी पेनाला टोपण लावलं. "मग तसं लिहून द्या. मुलीने पाठ केलेलं लिहिलं, आणि खाली सही करा. मी शून्य ठेवतो. पण मग त्या एकेचाळीसनाही शून्य द्यावं लागेल, तेही तुमच्याच सहीने. द्या. बाहेर एकेचाळीस जणींचे आईबाप उभे राहतील, त्यांना तुम्हीच तोंड द्या. नाहीतर या नऊवर साक्षीची सही करा आणि पोरीला घरी जाऊ द्या."

अब्ला इनायात पुटपुटल्या, "कर गं बाई सही. पोरीचं कल्याण होईल."

तहानीला बेचाळीस शून्यं द्यायची होती. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवत होते. बेचाळीसच काय, वग्दीला, शौकतला, सत्तावीस वर्षांपूर्वी खडू घेऊन उभ्या राहिलेल्या त्या दीडशहाण्या पोरीला, सगळ्यांना शून्य. मग तिने शुरूककडे पाहिलं. मुलगी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि श्वास रोखून त्या लाल पेनाकडे बघत होती. तिच्या बापाने सांगितलं होतं ते तहानीला शब्दन् शब्द माहीत होतं. माझ्यावर सोड, असं म्हणालीही तीच होती. तिने सही केली. पेन एवढं दाबलं, की टोक फाकलं आणि सहीवर लाल डाग पडला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने शुरूकचा दंड पकडला. "का? मी सांगितलं होतं ना? तुला ते लिहिता येतं. दोनदा लिहिलंस. त्याच्यासमोर तिसऱ्यांदा का नाही?"

"मिस, दुखतंय."

तहानीने पकड सैल केली, हात सोडला नाही. "बोल."

"बदकांचं लिहिलं तर हा माणूस पुन्हा काट मारेल असं वाटलं. आणि..." शुरूकने रुमालाचं टोक चाचपलं. "मी बाहेरून ऐकलं. तुम्ही म्हणालात, त्या ओळी तुमच्या आहेत. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, मिसच्या ओळी लिहिल्या तर मिसला राग येणार नाही."

राग होता, उरात मावत नव्हता एवढा होता, पण तो काढायचा कोणावर? समोर उभी होती ती पोरगी, तिच्याच ओळी तिला भेट म्हणून देणारी. वग्दी त्याच्या हॉलमध्ये, शौकत आत सरबत पीत. "त्या तुझ्या नाहीत," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या आईच्या हातांना साबणाचा वास नव्हता. ती बदकांना मका भरवायची. ऐकतेस का? माझी आई वेगळी, तुझी वेगळी. सांग मला, तुझ्या आईच्या हातांना कसला वास यायचा? मार्कांसाठी नाही. मला सांग."

शुरूकने डोळे मिटले. मग डोळे उघडले तेव्हा त्यांत नुसती भीती होती.

"मक्याचा असेल, मिस."

"असेल म्हणजे काय? रोज भाकरी खाल्लीस तिच्या हातची."

"आधी यायचा. मागच्या वर्षापर्यंत नक्की यायचा." तिने ओठ चावला. "पण सेंटरमध्ये रोज म्हणायला लावतात ना. आता आईला आठवलं की साबणाचाच येतो."